जोडीचा गडी

शेलूबाजार, ३ मार्च

दादा,

आधीच सांगून देते, घरी सगळे धडधाकट हायेत. नाईतं इतक्या दिवसानं बहिणीचं नाव पाहून घरी काई वाईट झालं असं तुले वाटन, आन् त्याच भेवानं तू पुढचं वाचणार नाई. मी ओळखते तुले.

फोनवर बोलाची सोय तू ठेवलीच नाई. नंबर बदलला, नवा कोणाले देला नाई. नाशिकात कुठं घर केलं तेही आमाले माहीत नाई. रीतावहिनीच्या माहेरी जाऊन विचारलं तं तिचे वडील सोमलाकाका म्हणे, "बाई, त्यानं शपथ घातली हाय, मले नोको विचारू." मंग मले हा रस्ता सुचला. तू सगळं सोडशीन, पण ह्या अमेरिकन फुटबॉलच्या ऑनलाइन लीगचा नाद सोडणार नाई. कॉलेजात असतानी तूच तं मले शिकवली. गडी आपण बनवाचा, मॅच कॉम्प्युटर खेळणार, आन् सकाळी उठून आपण पाहाचं का कोण हारलं. आई तवा म्हणे, "हा कसला खेळ बापा, ह्याच्यात तं कोणी खेळतच नाई!"

संघांची नावं पाहून राह्यली होती. सगळे टायगर, पँथर, आन् मधातच 'कारंजा काळवीट'. कोचचं नाव वाचाची गरजच पडली नाई. नाशिकात बसून आपल्या बाजूच्या कारंज्याचं काळवीट पाळून राह्यला का तू? त्या संघासाठी मी अर्ज केला, तू घेतला. एक शब्द बोलला नाई, पण घेतला. आता ऐक, मी नियम वाचूनच आली हाय. कोचले आपल्या संघातल्या गड्याचे निरोप बंद करता येत नाई. म्हणजे मी तुह्या संघात हाय तोवर माही पत्रं तुले येतच राह्यतीन. गप बसून वाचजो.

बातमी अशी का माहं लग्न जमलं. पोरगा कामरगावचा, हरीओम नाव. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करते. बोलते कमी, हासते जास्त. नऊ मेले लग्न हाय, आपल्याच अंगणात मांडव.

तू आईले सांगून गेला होता, बाबांनी आपल्या तोंडानं बोलावलं तरच पाय ठेवीन. बाबा म्हणतात, गेला तो आपल्या पायानं, येईन तं आपल्या पायानं. तुमा दोघांच्या अकडीच्या मधात माहा मांडव टाकून राह्यले लोकं. मले बाकी काई समजत नाई. मले माह्या लग्नात तू पायजे. तू आन् वहिनी, दोघं.

आता कामाचं. तुले बचावाच्या फळीत, एकदम मधात उभा राहणारा गडी पायजे असं तू लिहिलं हाय. "चपळ असावा." बनवते.

निकी

शेलूबाजार, ९ मार्च

दादा,

गडी बनवला. राग येणार हाय तुले, म्हणून कसा बनला ते आधी वाच.

मी आन् बाबा मेथीच्या जुड्या बांधून राह्यलो होतो. मधातच मी मोबाइल काढला. पडद्यावर एका आडदांड गड्याचं चित्र, बाजूले उंची, वजन, ताकद, वेग, दम. बाबांनी मान वाकडी करून पाह्यलं. म्हणे, "निके, बैल घेऊन राह्यली का मोबाइलात?"

मी हासली. मंग समजावून सांगतलं. म्हटलं, बाबा, दोन्हीकडचे गडी समोरासमोर ओणवे होऊन बसतात. पलीकडच्यायचा एक जण मागून चेंडू फेकते. त्याच्या पुढं त्याच्या गड्यांची भिंत. आपला गडी त्या भिंतीच्या तोंडावर. असा गडी दोन तऱ्हेचा बनवता येते. एक जड, रोवलेल्या खुंट्यासारखा, जागचा हालत नाई, मधातून कोणाले पळू देत नाई. दुसरा हलका, चपळ, भिंतीतून सटकून थेट फेकणाऱ्याच्या अंगावर जाऊन पडणारा. गुण मोजकेच भेटतात. ताकदीले देले का वेगाले उरत नाईत. आन् एकदा पक्का केला का बांधा बदलता येत नाई.

"मंग तुमाले कोनता पायजे?"

म्हटलं, कोचले चपळ पायजे. जड एक हायच त्यायच्यापाशी, ब्राझीलच्या एका माणसानं बनवलेला, रॉड्रिगो.

बाबांच्या हातातली जुडी तशीच राह्यली. "हे दोघं बाजू-बाजूले उभे राह्यतीन?"

"हो."

"मंग चपळ कायले? जोडी सारखी पायजे. एक जड आन् एक हलका जुपला तं जू कलते. जडाच्या मानेवर गाठी येतात आन् हलक्याचे पाय सोलतात. दोघंही वाया."

म्हटलं, बाबा, इथं जू नसते. तं म्हणे, "तुले दिसत नसन. एकाच कामाले लागले ना दोघं? मंग हाय जू."

तुले तं माहीत हाय, आजही गावात कोणाले बैल घ्याचा असला का आधी बाबांले विचारतात. त्यांनी रॉड्रिगोची उंची विचारली, वजन विचारलं, ताकद विचारली. समदं मी वाचून दाखवलं. आन् बोटभर इकडं नाई का तिकडं नाई, हुबेहूब तसाच गडी त्यांनी माह्याकडून बनवून घेतला. नावही त्यायनंच ठेवलं, शालिकराम. मामाच्या गावी एक पयलवान होता म्हणे त्या नावाचा. मी काहून ऐकलं? तू गेल्यापासून बाबा कोण्या गोष्टीत इतके रमलेले मी पाह्यले नवते. माह्याच्यानं मोडवलं नाई, बस.

कोच कोण हाय ते बाबांले माहीत नाई. त्यायनं विचारलं तं मी म्हटलं, नाशिकचे एक साहेब हायेत.

निकी

शेलूबाजार, १७ मार्च

दादा,

हारलो. परत हारलो. हे मी तुलेच काय सांगू, संघ तुहाच हाय.

दोन खुंटे मधात रोवले, पण फेकणाऱ्यावर धावून जाणारा कोणीच नाई. त्यायचा फेकणारा असा आरामात उभा राह्यते जसा पानठेल्यावर उभा हाय. चुना लावते, पान दुमडते, मंग चेंडू फेकते. शालिकराम आन् रॉड्रिगो आपल्या जागी पक्के. कोणी मधातून पळाले येतच नाई, मंग हे थांबवतीन कोणाले?

तुहा निरोप भेटला. "वेगावर मेहनत घ्या." कायचं घ्या! मले 'घ्या' म्हणते का तू? लहानपणी माही वेणी ओढून म्हशीले बांधणारा माणूस मले अहो-जाहो करून राह्यला. मी आईले दाखवणार होती, पण तिले समजलं असतं कोण हाय ते, आन् ती दिवसभर डोळे पुसत बसली असती.

बाबांले वाचून दाखवलं. म्हटलं, साहेब म्हणतात वेग वाढवा. बाबा तणतणले. "खांद्याचा बैल हाय तो. त्याले पळवाले सांगते? ह्या साहेबाच्या बापानं कधी बैल पाळला होता का नाई?"

मी मान खाली घालून जुड्या बांधल्या. हासू दाबता दाबता माहा जीव जाऊन राह्यला होता.

तं बाबांच्या म्हणण्यावरून आमी ताकदच वाढवली. साहेबाले सांगजो.

निकी

शेलूबाजार, ३० मार्च

दादा,

पाडव्याची गुढी उभारली. बाबांनी कडुलिंब आणला, आईनं पुरणपोळी केली. तुह्या वाट्याची पोळी तिनं गाईले देली. दर सणाले देते. गाय मस्त जाड झाली हाय.

संघाच्या फळ्यावर तुह्या लोकायनं काय लिहून ठेवलं ते पाह्यलं मी. सगळे शालिकरामाच्या नावानं बोंबलून राह्यले. रॉड्रिगोवाल्यानं तं लिहिलं, हा गडी कोचच्या सासऱ्याचा हाय का म्हणून. आन् तू खाली इतकंच लिहिलं, हा गडी राह्यणार.

काहून? बाहेर बसवाचं बटण तुह्याच हातात हाय. मी असती तं पयल्या हारीलेच बसवला असता. माहा म्हणून ठेवून राह्यला असशीन तं नोको ठेवू. मी संघात राह्यली म्हणजे झालं, बाकावर बसूनही निरोप जातात. मी तेही वाचून ठेवलं हाय.

तुह्या लोकायची बोंब मी बाबांले वाचून दाखवली. मले वाटलं, चिडतीन. ते चिडले नाई. म्हणे, "सगळे म्हणतात काढ, तरी काढत नाई?"

"नाई."

"हारून राह्यला, तरी?"

"तरी."

"काहून?"

मी म्हटलं, दुसरा भेटत नसन. बाबा म्हणे, "भेटते. बजारात गडी मोप असतात." मंग पाण्यात हात घालून मेथीच्या मुळाची माती धूत बसले. धुतलेलीच जुडी परत धुऊन राह्यले होते, मी हातातून काढून घेतली.

हरीओमच्या घरून विचारणा आली, नवरीचा भाऊ म्हणून नवरदेवाचा कान पिळाले कोण बसणार हाय? आई म्हणे, काकाच्या आदर्शले बसवू. बाबा म्हणे, पाहू. इतकंच. "पाहू" म्हणजे हो का नाई, ते मले अजून समजलं नाई. आदर्शनं तं नव्या बुटाचा नंबरही सांगून देला.

निकी

शेलूबाजार, १३ एप्रिल

कोच साहेब,

आपला निरोप मिळाला. "कृपया खेळाबद्दलच लिहा."

बरं. खेळाबद्दल लिहिते.

खेळ असा हाय का एक माणूस इकडं पाय रोवून उभा, एक माणूस तिकडं पाय रोवून उभा, आन् दोघायले वाटते आपण लय ताकदीचे. हालत कोणीच नाई. तिकडं मॅच संपून जाते. तुहा आन् बाबांचा बांधा एकच हाय, दादा. बोटभर फरक नाई. मले बैल पाहाची अक्कल नाई, पण इतकं दिसते मले.

तुह्या लग्नाच्या वक्ताले बाबा जे बोलले ते वाईटच बोलले. जातीबाहेरची पोरगी माह्या अंगणात नोको, असं दारात उभं राहून, वहिनी ऐकून राह्यली असतानी. त्याची बाजू मी कधी घेतली नाई, आजही घेत नाई. त्याचा राग तू धर, जन्मभर धर. पण माह्या लग्नाचा दिवस एकच हाय. तो गेल्यावर तुहा राग खरा होता का खोटा, मले काय करायचं हाय त्याचं?

मले वाईट वाटते. लय वाईट वाटते. हे खेळाबद्दल नाई, तरी लिहिलं. संघातून काढाचं असन तं काढून टाक.

जाता जाता बाबांचा एक निरोप सांगते, कारण त्यायनं मले शपथ घालून सांगतलं हाय. त्यायनं विचारलं, साहेब मेसमध्ये जेवतात का घरी? मी म्हटलं, बाबा, तुमाले काय करायचं? तं म्हणे, "विचार. मानसानं मानसाले विचारावं." मागच्या आठवड्यात विचारलं, साहेबाची नोकरी पाळीची हाय का? त्याच्या आधी विचारलं, तब्येत बरी असते का? म्हातारपणी चौकश्या वाढतात मानसाच्या. मी वैतागली हाय.

निकिता

शेलूबाजार, १९ एप्रिल

दादा,

काढलं नाई तू मले. आन् उत्तरही लिहिलं. "घरीच जेवतो. भाकर ती चांगली करते."

किती वेळा वाचलं ते सांगत नाई.

आमी वांगे तोडून राह्यलो होतो तवा बाबांले वाचून दाखवलं. आवाज साधा ठेवला, जसा खताच्या पिशवीवरचा मजकूर वाचते तसा. बाबा सरी धरून पुढं गेले. सरीच्या टोकाले जाऊन उभे राह्यले. परत आले आन् म्हणे, "नाशिकात ज्वारी आपल्यासारखी नसन भेटत."

म्हटलं, नसन.

"मंग कायची भाकर करत असन ती?"

मी म्हटलं, मले काय माहीत बाबा, साहेबाच्या घरचं. ते म्हणे, "हो, साहेबाच्या घरचं आपल्याले कसं माहीत राह्यणार." आन् टोपलं उचलून गेले.

शालिकराम काल परत काईच करू शकला नाई. तू तरी त्याले पूर्ण मॅच उभा ठेवला.

निकी

शेलूबाजार, २४ एप्रिल

दादा,

हे पत्र नीट बसून वाच. वहिनीलेही वाचून दाखव.

आज सकाळी निकाल आला. हारलो. ह्या मोसमातली शेवटची मॅच होती, आन् आपण सगळ्यात खाली. मी बाबांले सांगतलं. ते गोठ्यापुढं बैलाले कुटार टाकून राह्यले होते. म्हणे, "साहेबाले लिही. मी सांगतो तसं लिही."

मी तिथंच बसली. त्यायनं सांगतलं, मी लिहिलं. शब्द त्यायचेच हायेत:

"साहेब, रामराम. गडी मी निवडला होता. पोरीचा दोष नाई. तुमी चपळ मांगतला, मी जड देला. जोडी सारखीच लागते असं मले वाटलं. जिंदगीभर तेच पाह्यलं. तुमच्या खेळात तसं नसते, हे मले मागूनच समजलं. तुमी सगळ्यायचं बोलनं खाल्लं, पन गडी काढला नाई. नऊ मेले पोरीचं लगन हाय. आपल्या अंगनात मांडव हाय. तुमी या. माह्या तोंडानं आवतन देतो, पत्रिकेवर भागवत नाई."

मी लिहून संपवलं. म्हटलं, पाठवू?

म्हणे, "थांब. एक राह्यलं."

कुटाराची टोपली खाली ठेवली. हात धोतराले पुसले. म्हणे, "मांडवात नवरीच्या मागं दिवा धरून भावजय उभी राह्यते. आपल्याकडची रीत हाय. तुह्या आईच्या मागंही उभी होती. तिच्यासाठी लुगडं घ्या लागीन. उद्या वाशीमले जाऊ. हिरवं घेऊ का मोतिया, ते तू पाह्य."

मी म्हटलं, "बाबा, कोणाच्या बायकोसाठी?"

ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राह्यले. माह्याकडं पाह्यलं नाई. म्हणे, "साहेबाच्या."

मंग वावरात जाऊन मोटार चालू केली. आज पाण्याची पाळी आपली नवतीच, शेजारच्या वावराची होती. तो बिचारा धावत आला, तवा बाबांच्या ध्यानात आलं.

आई माह्या मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. आता ती देवघरात बसली हाय आन् बाहेर यायले तयार नाई. आदर्शले मी फोन केला. म्हटलं, बूट घे, पण कान पिळाले नाई, नाचाले घे.

दादा, तू म्हणाला होता बाबांनी आपल्या तोंडानं बोलवावं. त्यायनं बोलावलं. साहेब म्हणून बोलावलं, कारण विकास म्हणून बोलवाले त्यायची जीभ अजून वळत नाई. तेवढं तू समजून घे. आता याच्यापुढं मी दोघायच्याही पाया पडणार नाई.

निताताई शिवणकामाचे कपडे अक्षय तृतीयेपर्यंतच घेते. नंतर तिच्यापाशी गर्दी असते, ती कोणाचंच ऐकत नाई. म्हणून वहिनीच्या ब्लाउजचं माप लगेच पाठवजो. छाती, खांदा, बाही, समदं. बाबा दोनदा येऊन विचारून गेले, बाही केवढी ठेवाची म्हणून.

तुही,
निकी